धारित्राचे प्रकार

धारित्र हा विद्युतभार साठवून ठेवणारा विद्युत घटक आहे. दोन विद्युतवाहक पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध वीज न वाहून नेणारा अपारक पदार्थ एवढीच त्याची मूलभूत रचना असते. इलेक्ट्रॉनिकीच्या पुस्तकांत व बाजारात त्याला कपॅसिटर म्हणतात. पंखे, पंप व जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलण्यात कंडेन्सर हे जुने नाव आजही टिकून आहे. रोधक, वेटोळे आणि धारित्र हे विद्युत परिपथाचे तीन मूलभूत निष्क्रिय घटक होत.

धारित्राचे मूल्य सारखे असले म्हणजे कोणतेही धारित्र कोठेही बसवता येते असे नाही. अपारक कोणता, ध्रुवता आहे की नाही, किती दाब सोसतो, तापमानाचा परिणाम किती होतो आणि निकामी होताना घटक कसा निकामी होतो, यांवर त्याचा उपयोग ठरतो. चुकीच्या प्रकाराचे धारित्र बसवल्यास उपकरण बंद पडते. काही ठिकाणी आग लागण्याचा किंवा विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. म्हणून धारित्राचा प्रकार ओळखता येणे हे दुरुस्ती व मांडणी या दोन्ही कामांत आवश्यक मानले जाते.

== तत्त्व व एकक ==

धारित्राच्या दोन टोकांना विद्युतदाब दिला की एका पट्टीवर धन व दुसरीवर ऋण विद्युतभार जमा होतो. अपारकातून भार पलीकडे जात नाही. तो पट्ट्यांवर साठून राहतो आणि त्यांच्यामध्ये विद्युत क्षेत्र निर्माण होते. साठलेला भार दिलेल्या दाबाच्या प्रमाणात असतो. भाराला दाबाने भागले असता येणाऱ्या राशीस धारकता म्हणतात. साठलेली ऊर्जा ही धारकता व दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. त्यामुळे दाब दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

धारकता तीन गोष्टींवर अवलंबून असते. पट्ट्यांचे क्षेत्रफळ वाढवले की ती वाढते, पट्ट्यांमधील अंतर वाढवले की ती कमी होते आणि अपारकाचा सापेक्ष पारगम्यतांक जितका मोठा तितकी ती अधिक असते. निर्वातासाठी हा अंक १ आहे आणि हवेसाठी जवळजवळ तितकाच. पॉलिप्रोपिलीनसाठी तो सुमारे २.२, पॉलिएस्टरसाठी ३ च्या थोडा वर, अभ्रकासाठी ५ ते ८ यांच्या दरम्यान, तर बेरियम टायटनेटवर आधारित सिरॅमिकसाठी काही हजार असतो. धारित्रांचे बहुतेक प्रकार हे या तीन राशींपैकी एखादी वाढवण्याचे किंवा घटवण्याचे निरनिराळे मार्ग आहेत.

धारकतेचे एकक फॅरड आहे. ते मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावावरून पडले असून १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत स्वीकारण्यात आले. हे एकक फार मोठे आहे. दोन पट्ट्यांमध्ये १ मिलिमीटर हवा ठेवून १ फॅरडचे धारित्र बनवायचे झाल्यास प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस किलोमीटर असावे लागेल. त्यामुळे व्यवहारात पुढील उपएकके वापरली जातात.

* मायक्रोफॅरड : फॅरडचा दहा लाखावा भाग
* नॅनोफॅरड : फॅरडचा एक अब्जावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरडचा हजारावा भाग
* पिकोफॅरड : नॅनोफॅरडचा हजारावा भाग

एकदिश दाबाखाली धारित्र भारित होईपर्यंतच प्रवाह वाहतो, नंतर तो थांबतो. प्रत्यावर्ती दाबाखाली मात्र धारित्र सतत भारित व विभारित होत राहते आणि परिपथात प्रवाह चालू राहतो. वारंवारता जितकी जास्त तितका धारित्राचा अडथळा कमी. एकदिश प्रवाह अडवणे व प्रत्यावर्ती प्रवाहास वाट देणे या गुणावर धारित्राचे बहुतेक उपयोग आधारलेले आहेत.

== इतिहास ==

पोमेरेनियातील एवाल्ड गेओर्ग फॉन क्लाइस्ट याने १७४५ साली आणि त्यानंतर काही महिन्यांतच नेदरलँड्समधील लायडन येथे पीटर फान मुसेनब्रूक याने पाण्याने भरलेल्या काचपात्रात विद्युतभार साठवता येतो असे दाखवले. दोघांचे शोध स्वतंत्र होते; नाव मात्र लायडन पात्र असे रूढ झाले. दोघांनाही या पात्राचा गुण हाताला बसलेल्या जोरदार धक्क्यामुळे समजला. पुढे पात्राला आतून व बाहेरून धातूचा पत्रा लावण्यात आला. बेंजामिन फ्रँक्लिन याने या पात्रावर प्रयोग करून काचेची भूमिका तपासली, तसेच अशा अनेक पात्रांच्या संचाला बॅटरी हे नाव दिले. कंडेन्सर या शब्दाचे मूळ अलेस्सांद्रो व्होल्टा याने अठराव्या शतकाच्या अखेरीस वापरलेल्या इटालियन संज्ञेत आहे. अपारक बदलला की धारकता बदलते हे फॅरडे याने १८३०च्या दशकात मोजमापाने सिद्ध केले.

विसाव्या शतकात रेडिओच्या प्रसाराबरोबर अभ्रकाची व मेणकागदाची धारित्रे मोठ्या प्रमाणावर बनू लागली. चांगल्या प्रतीच्या अभ्रकासाठी भारत प्रसिद्ध होता. आजच्या झारखंडमधील कोडरमा व आंध्र प्रदेशातील नेल्लोर परिसरातून ते निर्यात होत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अभ्रकाला पर्याय शोधताना अमेरिका, सोव्हिएत संघ व जपान या तिन्ही देशांत बेरियम टायटनेटचा मोठा पारगम्यतांक स्वतंत्रपणे लक्षात आला. आजच्या सिरॅमिक धारित्रांचा पाया त्यातून घातला गेला. विद्युतविघटनी धारित्राचे पहिले एकस्व चार्ल्स पोलाक याच्या नावे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नोंदले गेले. घन विद्युतविघट्य असलेले टँटलम धारित्र १९५०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत विकसित झाले.

== वर्गीकरण ==

धारित्रांचे वर्गीकरण तीन प्रकारे केले जाते. मूल्य कायम असते की बदलता येते यावरून स्थिर व परिवर्ती असे दोन गट पडतात. धन व ऋण टोक ठरलेले असते की नाही यावरून ध्रुवित व अध्रुवित असे भेद होतात. तिसरे वर्गीकरण अपारकावरून केले जाते व तेच सर्वांत उपयुक्त आहे, कारण घटकाचे बहुतेक गुणदोष अपारकच ठरवतो.

| प्रकार | नेहमीचा पल्ला | ध्रुवता | मुख्य उपयोग |
|---|---|---|---|
| सिरॅमिक | १ पिकोफॅरड ते १०० मायक्रोफॅरड | नाही | विलगीकरण, उच्च वारंवारता परिपथ |
| फिल्म | १ नॅनोफॅरड ते काही दशक मायक्रोफॅरड | नाही | मोटारी, ध्वनी परिपथ, वीजपुरवठा गाळणी |
| अभ्रक | काही पिकोफॅरड ते काही नॅनोफॅरड | नाही | आंदोलक, रेडिओ प्रक्षेपक |
| अ‍ॅल्युमिनियम विद्युतविघटनी | ०.४७ मायक्रोफॅरड ते लाखभर मायक्रोफॅरड | आहे | वीजपुरवठा सपाट करणे |
| टँटलम | ०.१ ते सुमारे १,००० मायक्रोफॅरड | आहे | आटोपशीर उपकरणे |
| अतिधारित्र | ०.१ ते काही हजार फॅरड | आहे | ऊर्जा साठवण |
| परिवर्ती | काही पिकोफॅरड ते सुमारे ५०० पिकोफॅरड | नाही | रेडिओ जुळवणी |

== स्थिर धारित्रे ==

=== सिरॅमिक धारित्र ===

संख्येने सर्वाधिक वापरले जाणारे हे धारित्र आहे. जुन्या धाटणीचे सिरॅमिक धारित्र तपकिरी, पिवळसर किंवा निळ्या रंगाच्या चपट्या चकतीसारखे असून त्याला दोन तारा असतात. आजच्या मंडलपट्टीवर मात्र तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी अंगाचे व दोन्ही टोकांना चंदेरी टोप्या असलेले चौकोनी तुकडे दिसतात. ही बहुस्तरी सिरॅमिक धारित्रे होत. त्यांत सिरॅमिक व धातू यांचे अनेक, कधी कधी शेकडो, पातळ थर एकाआड एक रचलेले असतात. एका मोबाइल फोनमध्ये अशी शेकडो धारित्रे असतात.

सिरॅमिकचे दोन वर्ग महत्त्वाचे आहेत. पहिल्या वर्गातील सी-शून्य-जी धारित्राचे मूल्य तापमानाबरोबर प्रति अंश सेल्सिअस दशलक्षात ३० भागांहून अधिक बदलत नाही. कालमापन व आंदोलक परिपथांत त्यामुळे ते वापरतात. त्याची धारकता मात्र कमी असते. दुसऱ्या वर्गात थोड्या जागेत मोठी धारकता मिळते, पण स्थैर्य कमी असते. एक्स-सात-आर या खुणेचा अर्थ उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सिअस या पल्ल्यात मूल्य १५ टक्क्यांहून अधिक ढळत नाही असा आहे. वाय-पाच-व्ही या प्रकारात उणे ३० ते अधिक ८५ अंशांच्या पल्ल्यात ते ८२ टक्क्यांपर्यंत घटू शकते.

दुसऱ्या वर्गाचा आणखी एक दोष नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. एकदिश दाब वाढत जातो तशी त्याची धारकता कमी होते; लहान आकाराच्या तुकड्यांत पूर्ण दाबावर ती निम्म्याहून कमी उरू शकते. शिवाय हे सिरॅमिक दाबविद्युत गुणधर्माचे असल्याने कंपनांमुळे त्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो व ध्वनी परिपथात खरखर येते. मंडलपट्टी वाकवली तर बहुस्तरी धारित्राला डोळ्यांना न दिसणारी भेग पडून ते आतून जोडले जाण्याचाही धोका असतो.

=== फिल्म धारित्र ===

यात प्लास्टिकची पातळ फिल्म अपारक म्हणून वापरतात व ती धातूच्या पत्र्यासह गुंडाळतात, किंवा फिल्मवरच धातूचा अतिपातळ लेप देतात. हिरवे किंवा तपकिरी चकचकीत गोळीसारखे आवरण, अथवा पिवळी, निळी, लाल आयताकृती पेटी ही त्याची नेहमीची रूपे आहेत. लेपित फिल्ममध्ये स्वतःला सावरण्याचा गुण असतो. एखाद्या जागी अपारक फुटून ठिणगी पडली तर त्याभोवतीचा धातू जळून जातो आणि दोष तेथेच वेगळा पडतो. प्रत्येक वेळी धारकता थोडी घटते, पण धारित्र चालू राहते.

पॉलिएस्टर फिल्म स्वस्त व आटोपशीर असते आणि सर्वसाधारण कामांसाठी वापरली जाते. पॉलिप्रोपिलीनमध्ये ऊर्जेचा ऱ्हास फार कमी होतो. म्हणून मोटारी, ध्वनिक्षेपकांतील विभाजक व मोठ्या प्रवाहाचे परिपथ यांत ती पसंत केली जाते.

घरातील छताच्या पंख्यात असलेले धारित्र याच जातीचे असते. एककला पुरवठ्यावर मोटार आपोआप फिरू लागत नाही. तिच्या दुसऱ्या गुंडाळीशी धारित्र एकसरीत जोडले की तेथील प्रवाह कलेने पुढे सरकतो व फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. पंख्याच्या धारित्रावर बहुधा २.५ किंवा त्याच्या आसपासचा आकडा, एमएफडी ही अक्षरे व ४४० व्होल्ट प्रत्यावर्ती अशी नोंद असते. येथे एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड. पंखा हळू फिरू लागला किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरू होईनासा झाला, तर अनेकदा धारित्राची घटलेली धारकता हेच कारण असते.

=== कागदी धारित्र ===

तेल किंवा मेण मुरवलेला कागद हा या धारित्राचा अपारक असतो. जुन्या झडपांच्या रेडिओत ते सर्रास आढळते. कागद ओलावा शोषतो, त्यामुळे कालांतराने गळती वाढते. जुना रेडिओ पुन्हा चालू करण्यापूर्वी ही धारित्रे बदलून त्यांच्या जागी फिल्म धारित्रे बसवण्याचा प्रघात आहे.

=== अभ्रक धारित्र ===

अभ्रकाच्या नैसर्गिक पापुद्र्यांवर चांदीचा लेप देऊन हे बनवतात. तापमान, दाब व काळ यांचा त्यावर अत्यल्प परिणाम होतो. ते महाग असून मूल्ये लहान असतात. अचूक गाळण्या व रेडिओ प्रक्षेपकांत त्याचा उपयोग होतो. सी-शून्य-जी सिरॅमिकने त्याची बरीच जागा घेतली आहे.

=== अ‍ॅल्युमिनियम विद्युतविघटनी धारित्र ===

उभ्या डब्यासारखा दंडगोल व त्यावर प्लास्टिकचे वेष्टन या रूपामुळे हे धारित्र चटकन ओळखता येते. यातील अपारक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रासायनिक क्रियेने चढवलेला ऑक्साइडचा थर. थराची जाडी प्रति व्होल्ट एखाद-दुसरा नॅनोमीटर एवढीच असते आणि पत्रा कोरून त्याचे पृष्ठफळ अनेक पटींनी वाढवलेले असते. या दोन कारणांनी थोड्या जागेत मोठी धारकता मिळते. दुसरी पट्टी म्हणून द्रव विद्युतविघट्य काम करते.

ऑक्साइडचा थर एकाच दिशेच्या दाबाखाली टिकतो. धारित्र उलटे जोडल्यास थर नष्ट होतो, आत वायू तयार होतो व डबा फुटू शकतो. हा स्फोट आटोक्यात राहावा म्हणून मोठ्या डब्यांच्या माथ्यावर अधिक चिन्हासारख्या किंवा तीन फाट्यांच्या खाचा पाडलेल्या असतात. माथा फुगलेला दिसला किंवा बुडाशी तपकिरी डाग आढळले तर धारित्र निकामी झाले असे समजावे.

द्रव हळूहळू वाळत असल्याने या धारित्राचे आयुष्य मर्यादित असते. तापमान दर १० अंशांनी कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा वापरतात. १०५ अंशांवर २,००० तासांचे आयुष्य नोंदलेले धारित्र ६५ अंशांवर ठेवल्यास सुमारे ३२,००० तास टिकावे. म्हणूनच तापणाऱ्या भागाजवळ ते बसवू नये. २०००च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष विद्युतविघट्य असलेली धारित्रे मोठ्या संख्येने बाजारात आली आणि जगभर संगणकांचे मदरबोर्ड व वीजपुरवठे अकाली बंद पडले.

घन संवाहक पॉलिमर वापरलेल्या धारित्रांत द्रव वाळण्याचा प्रश्न नसतो व अंतर्गत रोधही खूप कमी असतो. वेष्टन नसलेला चकचकीत डबा व माथ्यावरील रंगीत पट्टा यांवरून ती संगणकाच्या मदरबोर्डवर ओळखता येतात.

=== टँटलम धारित्र ===

टँटलमची पूड भाजून बनवलेल्या सच्छिद्र गोळीवर ऑक्साइडचा थर चढवून हे तयार करतात. जुने रूप पाण्याच्या थेंबासारखे असते; नवे रूप पिवळ्या किंवा काळ्या चौकोनी ठोकळ्याचे असते. ते लहान व दीर्घायुषी आहे. मात्र दाबाचे अकस्मात वाढणे व उलटी जोडणी त्याला सोसत नाही. निकामी होताना ते बहुधा आतून जोडले जाते आणि पेट घेऊ शकते. म्हणून घटकावर लिहिलेल्या दाबाच्या सुमारे निम्म्या दाबावरच ते वापरण्याची शिफारस केली जाते. टँटलमचे खनिज मध्य आफ्रिकेतील संघर्षग्रस्त भागांतूनही येत असल्याने त्याच्या उगमाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय चर्चेचा विषय झाला आहे.

=== अतिधारित्र ===

सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागावर विद्युतविघट्यातील आयनांचा अतिपातळ थर जमून यात भार साठतो. पृष्ठफळ प्रचंड व अंतर रेणूएवढे असल्याने हजारो फॅरडपर्यंत धारकता मिळते. एका पेशीचा दाब मात्र २.७ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून अधिक दाबासाठी अनेक पेशी एकसरीत जोडून त्यांच्यातील दाबाचा समतोल राखावा लागतो. अतिधारित्र लाखो वेळा भारित व विभारित करता येते, पण त्याच वजनाच्या लिथियम बॅटरीपेक्षा त्यात ऊर्जा खूप कमी मावते. शांघाय येथे थांब्यावर उभी असताना भारित होणारी अतिधारित्रांवरील बस २००६ पासून चालवण्यात आली.

== परिवर्ती धारित्रे ==

जुन्या रेडिओत स्थानक लावण्याचे बटण फिरवले की अर्धवर्तुळाकार पत्र्यांचा एक संच दुसऱ्या स्थिर संचात शिरतो आणि समोरासमोरचे क्षेत्रफळ बदलून धारकता बदलते. दोन किंवा अधिक संच एकाच दांड्यावर असल्यामुळे त्याला गँग कंडेन्सर म्हणतात. जुळवणीची वारंवारता धारकतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. मध्यम लहरींचा पट्टा सुमारे ५३० ते १,६०० किलोहर्ट्झ, म्हणजे तिप्पट असल्याने तो पूर्ण व्यापण्यासाठी धारकता सुमारे नऊपट बदलावी लागते.

स्क्रूने एकदाच जुळवून ठेवायच्या छोट्या परिवर्ती धारित्रास ट्रिमर म्हणतात. आधुनिक रेडिओ व दूरचित्रवाणी संचांत हे काम व्हॅरॅक्टर डायोड करतो. त्याला दिलेल्या उलट्या दाबानुसार त्याची धारकता बदलते.

== घटकावरील खुणा ==

मोठ्या धारित्रावर मूल्य व दाब स्पष्ट छापलेले असतात. लहान धारित्रावर तीन आकडी संकेत असतो. पहिले दोन आकडे जसेच्या तसे घ्यावेत, तिसरा आकडा पुढे किती शून्ये द्यायची ते सांगतो आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये येते.

* १०४ : १० पुढे चार शून्ये, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, अर्थात १०० नॅनोफॅरड किंवा ०.१ मायक्रोफॅरड
* ४७२ : ४,७०० पिकोफॅरड, म्हणजे ४.७ नॅनोफॅरड
* २२० : २२ पिकोफॅरड; येथे शेवटचे शून्य म्हणजे पुढे एकही शून्य नाही
* १०७ : टँटलमच्या ठोकळ्यावर आढळल्यास १०० मायक्रोफॅरड

यांतील तिसरे उदाहरण फसवे आहे. काही उत्पादक लहान मूल्ये सरळ आकड्यांत छापतात, तेव्हा २२० म्हणजे २२० पिकोफॅरडही असू शकते. शंका असल्यास मोजून पाहणे हाच उपाय होय. दशांश चिन्ह पुसले जाऊ नये म्हणून त्याच्या जागी एककाचे अक्षर लिहिण्याचीही पद्धत आहे. ४ आणि ७ यांच्या मध्ये एन हे रोमन अक्षर असल्यास मूल्य ४.७ नॅनोफॅरड असते.

आकड्यांनंतरचे रोमन अक्षर मूल्यातील कमाल तफावत दाखवते : एफ म्हणजे १ टक्का, जी २ टक्के, जे ५ टक्के, के १० टक्के व एम २० टक्के. झेड असल्यास मूल्य २० टक्के कमी ते ८० टक्के जास्त असू शकते. आरंभी एक अंक व एक अक्षर असल्यास ते दाब सांगते. १-सी म्हणजे १६ व्होल्ट, १-ई म्हणजे २५, १-एच म्हणजे ५०, २-ए म्हणजे १००, २-जी म्हणजे ४०० आणि २-जे म्हणजे ६३० व्होल्ट. त्यानुसार २-ए-१०४-जे या खुणेचा अर्थ १०० व्होल्ट, ०.१ मायक्रोफॅरड व ५ टक्के तफावत असा होतो. बहुस्तरी सिरॅमिकच्या लहान तुकड्यांवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. असा तुकडा मूळ पाकिटाबाहेर पडला की केवळ पाहून त्याचे मूल्य सांगता येत नाही.

ध्रुवता दाखवण्याच्या पद्धती प्रकारानुसार वेगळ्या आहेत.

* उभ्या अ‍ॅल्युमिनियम धारित्रावर वजा चिन्हांचा पट्टा ऋण टोकाकडे असतो आणि नव्या घटकाची लांब तार धन असते.
* मंडलपट्टीवर चिकटवायच्या अ‍ॅल्युमिनियम धारित्राच्या माथ्यावरचा काळा भाग ऋण टोक दाखवतो.
* टँटलमच्या ठोकळ्यावरची पट्टी धन टोक दाखवते.

अ‍ॅल्युमिनियमची सवय असलेल्या माणसाकडून टँटलम उलटे बसवले जाण्याची चूक या विरोधाभासामुळेच वारंवार घडते.

== उपयोग ==

'''वीजपुरवठा सपाट करणे.''' ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचे पूर्णतरंग एकदिशीकरण केल्यावर सेकंदाला १०० उमाळे मिळतात. दोन उमाळ्यांच्या मधल्या काळात धारित्र परिपथाला प्रवाह पुरवते. १ अँपिअर प्रवाह घेणाऱ्या परिपथात ४,७०० मायक्रोफॅरडचे धारित्र वापरल्यास दाबातील चढउतार ढोबळ हिशेबाने सुमारे २ व्होल्ट राहतो. येथे अ‍ॅल्युमिनियम धारित्र वापरतात.

'''विलगीकरण.''' अंकीय चिप क्षणोक्षणी प्रवाहाचे छोटे घोट घेते. दूरच्या वीजपुरवठ्याला तितक्या त्वरेने प्रतिसाद देता येत नाही. म्हणून प्रत्येक चिपच्या पुरवठा पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक धारित्र बसवतात.

'''जोडणी.''' प्रवर्धकाच्या एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे ध्वनीसंकेत पाठवताना एकदिश दाब अडवण्यासाठी मध्ये धारित्र ठेवतात.

'''कालमापन.''' रोधकातून भारित होणाऱ्या धारित्राचा दाब, रोध व धारकता यांच्या गुणाकाराएवढ्या काळात अंतिम मूल्याच्या सुमारे ६३ टक्क्यांपर्यंत पोचतो. १०० किलोओहम व १० मायक्रोफॅरड यांसाठी हा काळ १ सेकंद येतो.

'''शक्तिगुणक सुधारणे.''' मोटारींमुळे प्रवाह दाबाच्या मागे पडतो व वाहिन्यांवरचा भार वाढतो. मोटारीला समांतर धारित्र जोडले की हा मागे पडलेला भाग जागेवरच भरून निघतो. कृषिपंपांना धारित्र बसवण्याचे आवाहन महाराष्ट्रात महावितरण शेतकऱ्यांना करत असते. त्यामुळे रोहित्रावरील भार कमी होतो व शेवटच्या पंपापर्यंत पोचणारा दाब सुधारतो.

'''स्मृती व संवेदन.''' संगणकाच्या गतिक स्मृतीत प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रावरील भाराच्या रूपात राहतो. भार गळत असल्याने तो दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. स्पर्शपटल बोटामुळे बदललेली धारकता ओळखते, तर कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये आवाजाने थरथरणारा पडदाच धारित्राची एक पट्टी असतो.

'''ऊर्जेचा झटका.''' कॅमेऱ्याचा फ्लॅश व हृदयाची लय पूर्ववत करणारे डिफिब्रिलेटर यंत्र या दोन्हींत ऊर्जा धारित्रात हळूहळू साठवून एकदम सोडली जाते.

== वीजवाहिनीवरील सुरक्षा धारित्रे ==

घरगुती वीजवाहिनीला थेट जोडायच्या गाळणी धारित्रांचे एक्स व वाय असे दोन वर्ग आहेत. एक्स वर्गाचे धारित्र फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये असते. ते आतून जोडले गेले तर फ्यूज जळतो. म्हणून त्याने पेट घेऊ नये अशी त्याची रचना असते. वाय वर्गाचे धारित्र वाहिनी व भूसंपर्कित सांगाडा यांच्यामध्ये असते. ते आतून जोडले गेल्यास उपकरणाचे बाह्यांग जिवंत होऊन माणसाचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे त्याची चाचणी अधिक कडक असते आणि निकामी झाल्यास त्याचे मार्ग तुटावेत अशी अपेक्षा असते. वाय वर्गाचे धारित्र एक्सच्या जागी चालू शकते. एक्स वर्गाचे वा साधे धारित्र वायच्या जागी कधीही बसवू नये, मग त्यावर छापलेला दाब कितीही मोठा असो.

== तपासणी व बदली ==

धारित्र परिपथातून सोडवून, पूर्ण विभारित करून मगच बहुमापकाने मोजावे. अ‍ॅल्युमिनियम धारित्राची धारकता बरोबर येऊनही अंतर्गत रोध वाढल्यामुळे ते निकामी असू शकते. त्यासाठी अंतर्गत रोध मोजणारे वेगळे मापक वापरतात.

बदली करताना पुढील नियम पाळले जातात.

* नव्या धारित्राचा दाब मूळच्याइतका किंवा अधिक असावा, कमी नसावा.
* वीजपुरवठा सपाट करण्याच्या जागी धारकता थोडी जास्त चालते. कालमापन, जुळवणी व मोटारीच्या जागी मूळ मूल्यच हवे.
* तापमान मर्यादा ८५ अंशांऐवजी १०५ अंशांची घेण्यास हरकत नाही, उलट मात्र करू नये.
* प्रत्यावर्ती दाबावर चालणाऱ्या मोटारीला ध्रुवित धारित्र जोडू नये.
* एकदिश दाबासाठी छापलेला आकडा प्रत्यावर्ती दाबासाठी लागू होत नाही. २३० व्होल्टच्या वाहिनीचा शिखर दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो.

== धोके व विल्हेवाट ==

उपकरणाचा प्लग काढल्यानंतरही धारित्रात भार राहतो. संगणकाच्या वीजपुरवठ्यातील मुख्य धारित्र सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित असते. मायक्रोवेव्ह भट्टीत हा दाब २,००० व्होल्टच्या आसपास असू शकतो व तो प्राणघातक ठरतो. धारित्र विभारित करण्यासाठी योग्य क्षमतेचा रोधक उष्णता-विजेपासून सुरक्षित चिमट्याने दोन्ही टोकांना लावतात आणि नंतर मापकाने दाब शून्य झाल्याची खात्री करतात. स्क्रूड्रायव्हरने टोके एकदम जोडल्यास ठिणगी उडून धातू वितळतो आणि घटकही खराब होतो. काही अपारकांत शोषलेला भार नंतर पुन्हा पृष्ठभागी येतो, त्यामुळे विभारित केलेल्या मोठ्या धारित्रातही काही मिनिटांनी दाब दिसू लागतो. अशी धारित्रे साठवताना दोन्ही टोके तारेने जोडून ठेवतात.

जुन्या तेलयुक्त धारित्रांमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल ही विषारी व पर्यावरणात दीर्घकाळ टिकणारी संयुगे वापरली जात. २००१ च्या स्टॉकहोम कराराने त्यांच्यावर निर्बंध घातले आहेत. गळती असलेले जुने तेलयुक्त धारित्र उघड्या हाताने हाताळू नये, जाळू नये व ते ई-कचरा संकलनाकडेच सोपवावे.